लोटन आप्पाचे दोन ठराव

आमच्या शेजारचा लोटन आप्पा बादलीशी बोलतो.

एकटं असताना बडबडणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. हा तसा नाही. हा मोरीतल्या बादलीपुढं ताठ उभा राहतो, घसा साफ करतो आणि म्हणतो, "बादली, सांग तिले, माले आज भूक नही शे." मग आत गॅसपाशी त्याची सून तव्याला म्हणते, "तव्या, त्यांना सांग, भाकरी टाकून झाली." हे सगळं मला भिंतीपलीकडून ऐकू येतं. आप्पानं सारा जन्म कापड विणायच्या लूमवर काढला, आणि लूमच्या खडखडाटात ज्याची उमर गेली त्याला हळू बोलता येत नाही. त्याचं गुपित तिसऱ्या माळ्यावरून खाली भाजीच्या हातगाडीपर्यंत पोचतं.

ही माणसं खानदेशातून या गुजराती मुलखात आलेली. त्यांच्याकडं रीत अशी की सासऱ्यानं सुनेशी सरळ बोलायचं नाही आणि सुनेनं त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही. मधे सासू असते, ती इकडचं तिकडं पोचवते. आप्पाची बायको होती तोवर निभलं. ती गेली आणि घरातलं टपाल बंद पडलं. तेव्हापासून बादली.

मी परभणीकडचा. आमच्याकडं सासरा सुनेला नावानं हाक मारतो, वेळ पडली तर खेकसतो. मी एकदा त्याला म्हटलं, "अरे, पोरगी समोर उभी आहे. बोल की तोंडानं." तर म्हणाला, "तू परभणी शे भो, तुले रीत काय माहीत?" परभणी हेच त्यानं माझं नाव पाडलंय. मला चांगलं नाव आहे, रेशन कार्डावर आहे. पण सबंध कोसाडच्या कॉलनीत आता पोरंसोरं मला परभणी काका म्हणतात, ती या माणसाची देणगी. त्याची अहिराणी मी इथून पुढं सोपी करून लिहितो. मी चौथीतून शाळा सोडली, माझ्या हाताला एकच भाषा येते.

त्याचा मुलगा वापीला कामाला गेला आणि तिथंच दुसरं घर करून बसला. आप्पा लोकांना सांगतो, "पोरगा मोठ्या कामावर आहे." मोठंच म्हणायचं, दोन बायकांचं. इथं सून ज्योती गारमेंटमध्ये जाते आणि घर चालवते. म्हणजे सुनेची भाकरी खायची, ओट्यावर बसायचं आणि जगाला कायदे शिकवायचे, हा आप्पाचा धंदा.

कायद्याचं खूळ गावाकडचं. तिकडं तो एकदा ग्रामपंचायतीत निवडून आला होता. एकदाच. पुढच्या खेपेला गावानं चूक सुधारली. पण तेवढ्यात 'ठराव' हा शब्द जो त्याच्या जिभेला चिकटला तो सुटला नाही. जिन्यातला दिवा गेला की दुसरा आणायचं सोडून हा खाली जाऊन उभा राहणार. "जिन्यात दिवा बसवावा असा ठराव मांडतो. सूचक मी. अनुमोदक कोण?" अनुमोदक मिळेपर्यंत आम्ही कठडा चाचपत वर. मी आजवर त्याच्या एकाही ठरावाला अनुमोदन दिलेलं नाही. मलाही काही मान आहे.

यंदा त्याच्या डोक्यात दोन ठराव शिरले. एक, दारोदार माल विकायला बंदी. दोन, शेअरिंगच्या इको गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला सीटबेल्ट. आता या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध? मी विचारलं. म्हणाला, "आहे."

त्याची बंदी पण बघा कशी. एक पोरगी अगरबत्ती विकायला माळ्यावर आली. मी दाराच्या फटीतून बघत होतो. आप्पा गरजला, "दारोदार फिरायचं नाही! बंद होणार आहे हे!" पोरगी घाबरून वळली तर म्हणाला, "थांब. पाणी पी." ती पाणी पीत होती आणि याची उलटतपासणी सुरू. "मोठ्या सोसायटीत लिफ्टनं जाऊ देतात का?" "नाही काका, जिन्यानं." "दार तोंडावर आपटतात?" "कधी कधी." "मग तू काय करते?" पोरगी हसून म्हणाली, "दुसरं दार वाजवते." याला त्याचाही राग. "घरच्यांना माहीत आहे का तुझ्या?" असं ओरडला आणि अगरबत्तीचे दोन पुडे घेतले. ज्याला बंदी घालायची त्याचाच माल घ्यायचा, असला कायदा मी उभ्या जन्मात पाहिला नाही.

सीटबेल्टची कथा याहून वरची. सकाळी कॉलनीच्या गेटवर इको लागतात. कुणी हजीऱ्याला जातं, कुणी इच्छापोरला, कुणी अडाजणला. गाडी सात जणांची, माणसं बारा. आप्पा आंघोळ करून, टोपी घालून, ट्रॅफिकच्या साहेबासारखा गाडीच्या दारात उभा.

"रमेशभाई, पट्टा कुठं आहे?"

"काका, सीटखाली."

"सीटखाली कुणी बसलंय का?"

"काका, बारा माणसांना पट्टे आणू कुठून? पोलीस फक्त माझा बघतात. मी चौकात लावतो ना."

"चौकात लावतो आणि चौक गेला की काढतो. अपघात काय चौक बघून होतो?"

एकदा तर त्यानं सीटखाली हात घालून मळलेला पट्टा ओढून काढला आणि मागच्या सीटवरच्या तीन बायकांना मिळून एकच बांधला. भाऱ्यासारखा. मधली बाई ओरडली, "आप्पा, माझा डबा दबला!" मी म्हटलं, "लोटन, तू स्वतः कधी बसतोस का इकोत? दिवसभर तर ओट्यावर असतोस." तर माझ्याकडं न बघता म्हणाला, "मी नाही बसत. घरची माणसं बसतात ना लोकांची."

त्यातच आमच्या बाजूला एक प्रकार झाला. दागिने पॉलिश करून देतो म्हणून दोघे जण एका बाईच्या दारावर आले आणि तिच्या बांगड्यांचं निम्मं सोनं पाण्यात उतरवून घेऊन गेले. लोक तापले. आमच्या नगरसेविका, त्यांना इथं सगळे बेन म्हणजे ताई म्हणतात, त्यांनी रविवारी सकाळी कम्युनिटी हॉलमध्ये बैठक ठेवली. दारावर येणाऱ्यांचं काय करायचं ते तुम्ही सांगा, मी महापालिकेत मांडते, असं त्यांचं म्हणणं. आप्पाला बैठक म्हणजे लग्नघर. कडक इस्त्रीचा सदरा, नवी टोपी, पहिल्या रांगेत मधली खुर्ची. मी त्याच्या मागं बसलो. कुणीतरी लक्ष ठेवायला पाहिजे.

आधी अर्धा तास जो तो बोलला. एक म्हणाला, भाजीवालासुद्धा बंद करा. त्याची बायको मागून म्हणाली, "मग भाजी आणायला तुम्ही जाणार का?" तो बसला. एकानं विचारलं, बेल वाजवणारा फेरीवाला आणि खालून हाळी देणारा फेरीवाला यांत फरक धरायचा की नाही. यावर जे भांडण लागलं ते बेननी टेबल वाजवून थांबवलं.

मग आप्पा उठला. "अध्यक्ष महोदया."

बेननी मागं वळून बघितलं, कुणाला म्हणतोय म्हणून. "काका, मुझे बेन बोलो."

"सभेत नातं नसतं, अध्यक्ष महोदया. ठराव मांडतो. आपल्या वॉर्डात, आणि तिकडं अडाजण, पालपर्यंत, दारोदार विक्री साफ बंद. ठराव दुसरा. इकोत प्रत्येकाला पट्टा."

"अडाजणपर्यंत कशाला?" मी मागून म्हटलं. "लंडनपण घे."

लोक हसले. पण बांगड्यांचा राग ताजा होता. बंदी म्हटल्यावर एकेक हात वर जायला लागला. बेनच्या माणसानं लिहायला घेतलं. आप्पाचा ठराव पास होतोय, हे बघायची पाळी आली म्हणून मी देवाला दोष देत होतो, तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला.

"बेन, मला बोलायचंय."

बायकांतून एक उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात फुगलेली रेक्झिनची पिशवी. "मी दारोदार बायकांचे गाऊन विकते. अडाजणला. या तिघी पण माझ्याबरोबर असतात. सोनं नेणारे वेगळे, आम्ही वेगळ्या. बंदी केली तर आमची चूल बंद होईल."

मी वळून बघितलं तर ज्योती. गारमेंटवाली.

गाऊन म्हटल्यावर दोन टवाळ हसले. मला वाटलं, आता आप्पाला खुर्चीखाली शोधावा लागणार. पण तो उभाच राहिला. तिच्याकडं त्यानं मान वळवली नाही. सरळ टेबलाकडं बघत म्हणाला, "अध्यक्ष महोदया, सभासदाला सांगा, मला माहीत आहे."

ज्योतीनं पिशवी खाली ठेवली.

"काका, वो यहीं खडी है," बेन म्हणाल्या. "सीधा बोलो ना."

"सभेत सभासदानं सभासदाशी बोलायचं नसतं. अध्यक्षांमार्फत बोलायचं. नियम आहे." मग त्याचा आवाज लूमवरचा राहिला नाही. "गेल्या उन्हाळ्यात मी हिच्या मागच्या इकोनं गेलो होतो. ही दाराला टेकून, अर्धी सीटवर, अर्धी हवेत. वळण आलं की माझा हात आपोआप पुढं जायचा. पुढं त्या सोसायटीच्या गेटवर वॉचमननं हिची पिशवी रस्त्यावर उपडी केली. काय नेते बघू म्हणाला. ही एकेक कपडा उचलत होती आणि मी समोर रिक्षांच्या आड उभा होतो. ते कपडे तसले, अध्यक्ष महोदया. सासऱ्यानं कसं पुढं जायचं?"

दारात उभा असलेला रमेशभाई बाहेर जाऊन तोंडातला मावा थुंकून आला आणि नीट उभा राहिला.

ज्योतीनं पिशवी परत उचलली. मग म्हणाली, "बेन, त्यांना सांगा, तो वॉचमन आता ओळखतो मला. परवा बायकोसाठी एक गाऊन घेतला त्यानं. आणि विचारा, दारं बंद झाल्यावर घर कशावर चालवायचं?"

"तिला सांगा, मी वॉचमनची नोकरी धरीन."

"त्यांना सांगा, जिन्याचा कठडा धरल्याशिवाय उतरता येत नाही. तो आधी धरा."

हॉल हसला. आप्पा टोपी सारखी करत राहिला. बेननाही आता रंग चढला होता, पंचासारख्या इकडचं तिकडं सांगत होत्या. "काका, और कुछ?"

"बेन, त्यांना विचारा," ज्योतीच बोलली, "दुपारचं ताट मी झाकून जाते. संध्याकाळी येते तर तसंच असतं. का?"

आप्पानं सदऱ्याची वरची गुंडी लावली.

"तिला सांगा, एकट्याला घास उतरत नाही."

एवढं एक बेननी तिला सांगितलं नाही. त्यांनी समोरचा ग्लास उचलला आणि पाणी प्यायल्या.

मग सगळं भराभर झालं. आप्पानं बंदीचा ठराव मागं घेतला आणि उपसूचना टाकली: दारोदार विकणाऱ्याला वॉर्डाचं ओळखपत्र द्यावं, आणि ते दाखवल्यावर कुठल्याही वॉचमननं पिशवीला हात लावू नये. सगळ्या हॉलचे हात वर गेले. मी तटस्थ राहिलो. सीटबेल्टचं बेन म्हणाल्या, तो महापालिकेचा विषय नाही, ट्रॅफिकवाल्यांचा आहे. तर ज्योती म्हणाली, "बेन, त्यांना सांगा, उद्यापासून मी मधल्या सीटवर बसेन आणि पट्टा लावेन. रमेशभाईनं तेवढा सीटखालून काढून ठेवावा."

"काढी आपीश, बेन, आजे ज," रमेशभाई दारातून म्हणाला. आजच काढून देतो म्हणे.

बेनना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं. त्या उठल्या, माणसं उठली, शिपाई खुर्च्या एकीत एक घालायला लागला. आप्पा आपल्या जागी बसलेला. ज्योती मागं, पिशवी मांडीवर घेऊन. दोघांतलं कुणी उठेना. शिपाई म्हणाला, "चलो काका, हॉल बंद करना है." आप्पा म्हणाला, "सभा संपल्याचं अजून कुणी जाहीर केलं नाही." टेबलामागची खुर्ची रिकामी होती. दोघंही तिच्याकडं बघत होते.

माझं जेवण थंड होत होतं. पाय वळले होते. आणि या माणसाच्या कुठल्याही सभेत मला काडीचा रस नाही. मी जाऊन त्या खुर्चीत बसलो.

"हं," म्हटलं. "बोला."

आप्पा उभा राहिला. टोपी काढली, परत घातली.

"अध्यक्ष महोदय," शेवटी म्हणाला, "तिला विचारा, संध्याकाळी भाजी काय आणू?"

मी ज्योतीकडं बघितलं. तिनं पदर पुढं ओढला.

"त्यांना सांगा, शेवग्याच्या शेंगा आणा. कोवळ्या बघून. मागच्या वेळी निबर आणल्या होत्या."

"निबर नव्हत्या त्या!" आप्पा माझ्यावर ओरडला.