रॉयल गुलालचे नाना

चंदीगडजवळच्या आमच्या झिरकपूरच्या सोसायटीत संध्याकाळी सगळं जग बाग डाव्या हाताला ठेवून फेऱ्या मारतं. दत्तूनाना एकटे उलटे. रोज दोन-तीन आंट्या त्यांच्यावर आदळतात. "अंकलजी, उल्टे क्यों?" म्हणून विचारलं, तर नाना ठणकावतात, "पुणे-मुंबईका ट्रॅक उजव्या हातका है! पलट्या, तो घोडा बिघडता है!"

घोडा कोण? तर ते स्वतःच.

मी चंदीगडच्या सेक्टर ३४ मध्ये केमिस्ट्री शिकवते. माहेर साताऱ्याचं, त्यामुळे जीभ जरा तिखट. मी साताऱ्याची हे कळलं त्या दिवशी नानांनी मला लेक मानलं आणि माझी संध्याकाळची शांतता संपली. नाना मोतद्दार. म्हणजे रेसच्या घोड्याचं खाणं-पिणं, खरारा, मालिश, आजारपण, सगळं बघणारा माणूस. पुण्या-मुंबईच्या तबेल्यांत जन्म गेला.

त्यांचं एक लाडकं वाक्य आहे. "वजन वाढलं." रेसमध्ये घोडा जिंकला की पुढच्या वेळी त्याच्या खोगिरात शिसं वाढवतात, इतरांनाही संधी मिळावी म्हणून. मला विभागप्रमुख केलं तेव्हा पेढे घेऊन गेले. नानांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "वजन वाढलं म्हनायचं, ताई." मेलं, अभिनंदन तरी करावं माणसानं! खालच्या मजल्यावरच्या मुलाच्या लग्नात स्टेजवर जाऊन नवरदेवालाही तेच सांगून आले. त्याला मराठी येत नव्हतं. त्यानं वाकून नमस्कार केला.

पण नाना खरे फुलायचे ते रॉयल गुलालबद्दल बोलताना. तांबूस रंगाचा, कपाळावर पांढरा टिळा. लोक नातवाचे फोटो दाखवतात, नाना गुलालचे दाखवायचे. पहिल्या शर्यतीत शेवटून पहिला आला, आधीच्या मोतद्दाराला चावला, म्हणून नानांच्या गळ्यात पडला. पुढचे तीन हंगाम त्यानं गाजवले. पुणे, मुंबई, बंगळूर. शिसं वाढत गेलं तरी हा पुढेच. "मालक कप घ्यायचा, जॉकी फोटो काढायचा, आन् ह्यो माज्या खांद्यावर मान टाकून घोरायचा." शेवटच्या शर्यतीत पायाची नस फाटली, एवढंच सांगायचे. त्यापुढे विचारलं की नानांना एकदम चहा आठवायचा.

गुलाल विकला गेला. या हातातून त्या हातात करत मुल्लानपूरजवळच्या एका घोडेस्वारीच्या फार्मवर येऊन पडला. नानांचा मुलगा इकडे नोकरीला. तो वर्षानुवर्षं "या" म्हणत होता आणि नाना "थंडी सोसत न्हाय" म्हणत होते. गुलालचा पत्ता लागला आणि दुसऱ्या दिवशी नानांची बॅग तयार. मुलगा हरखला, बापाला शेवटी आपली ओढ लागली म्हणून. मी त्याला काही बोलले नाही. कशाला बोलायचं?

दर रविवारी मी त्यांना गाडीतून मुल्लानपूरला नेत असे. गुलालच्या डोळ्यांवरचे केस पांढरे झाले होते. नाना तास-दोन तास खरारा करायचे आणि त्याच्याशी मराठीत भांडायचे.

यंदा फार्मची जमीन टॉवरसाठी गेली. घोडे राजस्थानात कुणाकडे तरी जाणार होते. नाना आमच्या सेक्रेटरीला भेटले, जनावर ठेवायला जनरेटरमागची जागा मिळेल का म्हणून. "पेट अलाउड है जी," तो म्हणाला, "कौनसी ब्रीड?" नाना छाती काढून म्हणाले, "थरोब्रेड!" सेक्रेटरीनं कुत्र्याची जात समजून लिहूनही घेतलं. मग घोडा आहे हे कळल्यावर तो इतका हसला की नाना पायऱ्या उतरून बाकावर जाऊन बसले. मला त्या सेक्रेटरीच्या दोन कानाखाली द्याव्याशा वाटल्या.

ट्रक आला त्या दिवशी फार्मच्या सरदारजींचा फोन आला. बाकीचे घोडे चढले होते, गुलाल फळीवर पाय ठेवत नव्हता. "नानाजी, ये किसी की नहीं सुनता. आप ही आके चढ़ाओ जी."

आम्ही गेलो. चार माणसं दोर ओढत होती आणि गुलाल घामानं निथळत होता. नानांनी सगळ्यांना बाजूला केलं. बराच वेळ नुसते त्याच्या मानेला हात लावून उभे राहिले. मग कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटले. गुलालनं कान टवकारले आणि म्हातारा घोडा मुकाट वर चढला.

परतताना मीच विचारलं, "काय सांगितलंत त्याला?"

"त्यो शर्यतीच्या गेटात शिरायचा न्हाय, ताई. भ्यायचा. मी कानात म्हनायचो, 'चल बाळा, घरी जायचंय.' की शिरायचा. लोकास्नी वाटायचं जिंकायला पळतोय. त्यो घरी जायला पळायचा."

मी गाडी कडेला घेतली.

"शेवटच्या शर्यतीदिवशी सकाळी पाय गरम लागला हाताला, म्हंजी आतनं दुखावलेला. मी ट्रेनरला बोललो. कुनी ऐकलं न्हाय. गेटाशी ह्यो अडला, मागं सरला. आन् मी म्हनलो त्याला, घरी जायचंय." नानांनी टोपी काढून हातात घेतली. "तवापासनं पुन्हा कदी म्हनलो नव्हतो. आज म्हनलो."

त्यांनी टोपीनं डोळे पुसले.

"वाटलं, आता न्हाय ऐकायचा. एवढं झाल्यावर कोन ऐकंल? पर लगेच चढला, ताई. त्याला अजून खरं वाटतंय."