पिकलेलं धोतर

नवं कोरं कापड बघून ज्याच्या कपाळाला आठी पडते असा शिंपी तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. आमच्या इंदापूरच्या पेठेत पिठाच्या गिरणीशेजारी त्यांचं दुकान होतं. दस्तगीरचाचा. मोठ्या माणसांचे सदरे ते इतर शिंप्यांसारखेच शिवायचे, त्यात काही विशेष नव्हतं. पण तान्ह्या पोराच्या अंगड्यासाठी कुणी कोरं कापड नेलं, की ते दोन बोटांनी उचलून गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यायचे. "ह्ये कच्चं हाय," म्हणायचे, "पिकलेलं आना."

पिकलेलं म्हणजे दहा-बारा वर्षं नेसून, कालव्यावर आपटून आपटून मऊ झालेलं धोतर. तान्ह्याला जुन्याचं अंगडं घालायची रीत आपल्याकडे आहेच, पण चाचांनी त्या रीतीचं वेड करून घेतलं होतं. बागाईतदार झाडावरची डाळिंबं बघत हिंडतो, तसे ते रस्त्यानं जाणाऱ्या म्हाताऱ्यांची धोतरं बघत बसायचे. "तात्या, धोतर पिकाय लागलंय. आजून दोन म्हैनं जाऊ द्या, मंग माझ्याकडं धाडा." आमच्या गल्लीतल्या तात्यांना वाटायचं, हा मेला आपण कधी जातोय याचीच वाट बघतोय. शेवटी ते गिरणीचा रस्ता सोडून मागच्या बोळातून जाऊ लागले.

मीही लांबूनच हसत होतो. कालव्याच्या कचेरीत कारकून, शिक्षण मॅट्रिक, तेव्हा शहाणपण उतू चाललेलं. मग आमचा दिनू झाला, आणि तिसऱ्या महिन्यात त्याचे गाल लाल झाले. मग कोपराच्या घड्या, मग गुडघ्यांच्या मागं. इसब. पोरगं दिवसभर दोन्ही हातांनी तोंड ओरबाडायचं. माझ्या आईनं राख लावली, कडुनिंब लावला, डाळीच्या पिठानं खसाखसा चोळलं. बारामतीला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पांढरं मलम दिलं आणि सांगितलं, "खाजवू देऊ नका." सांगायला काय जातंय? त्यांनी एक दिवस आमच्या दिनूला घेऊन बसायला पाहिजे होतं.

शेवटी आमची ही त्याला घेऊन चाचांकडे निघाली. मी नको नको म्हणत मागून गेलो.

"भैनी, तितंच थांबा. पोराला तितनंच दावा," चाचा मशीनवरूनच म्हणाले. आम्ही उंबऱ्याशी उभे. त्यांनी एक डोळा बारीक केला, दिनूला खालीवर न्याहाळलं आणि खडूनं पाटीवर आकडे लिहिले. ना टेप, ना दोरा, पोराला बोटसुद्धा लावलं नाही. मला रागच आला. म्हटलं, काय हा माज. मग उलटतपासणी सुरू झाली.

"आंगुळीला काय लावताय?"

"डाळीचं पीठ," ही म्हणाली.

"पोरगं घासताय का घंगाळ? पीठ बंद. कडकडीत पानी बंद, कोमट घ्या. आंग टिपायचं, पुसायचं न्हाय. वलं हाय तवरच खोबरेल लावायचं. लोकरीचं टोपरं पेटीत टाका." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आनि सायेब, नखं तुमी कापायची. आटवड्यातनं दोनदा. भैनीच्या मागं लई कामं हाईत."

मी आयुष्यात स्वतःची नखं वेळेवर कापली नव्हती.

चार दिवसांनी अंगडं आलं. सगळी शिवण बाहेरच्या अंगाला, आणि बाह्यांना तोंडच नाही. टोकं शिवून बंद केलेली. आईनं ते उजेडात धरलं. "मेल्याला दिसायचं बंद झालं वाटतं," ती म्हणाली. दुपारभर चष्मा लावून बसली, टाके उसवले, शिवण आत घेतली, बाह्या मोकळ्या केल्या आणि मोठ्या कौतुकानं नातवाला घातलं. दुसऱ्या दिवशी दिनूच्या गालावर रक्ताचे ओरखडे, आणि काखेत शिवणीनं घासून लालेलाल झालेलं.

ते अंगडं घेऊन मी चोरासारखा दुकानात गेलो. चाचा रागावले नाहीत. परत उसवलं, परत उलटं शिवलं. आईला निरोप मात्र धाडला, "आजी, शिवन पोराला टोचती. बगनाऱ्याच्या डोळ्यात टोचली तर टोचू द्या." आई त्या दिवशी फणफणतच जेवली. पण पुन्हा सुईला हातही लावला नाही.

मग अंगड्यांवर अंगडी. त्या महिन्यात माझी दोन्ही धोतरं पिकली असल्याचं घरात परस्पर ठरलं, आणि मी लेंगा घालून कचेरीत जाऊ लागलो. साहेबांनी विचारलं, "काय हो, तब्येत बरी आहे ना?" काय सांगणार, कपाळ? पण पोरगं शांत झालं. इसब पुरतं गेलं नाही. घाम आला की पुन्हा उठायचं. पण दिनू हसायला लागला, दुपारी दोन तास सलग झोपायला लागला.

तरी एक दुखणं राहिलंच. पोराला कुणी घेत नव्हतं. शेजारणी लांबूनच "गोड आहे हो" म्हणायच्या आणि हात पदराखाली न्यायच्या. हळदीकुंकवाला गेलं की सगळ्यांची पोरं या मांडीवरून त्या मांडीवर, आमचा मात्र आईलाच चिकटलेला. ही घरी येऊन रडायची. एकदा मी दुकानात बसून हे चाचांना सांगितलं.

"इसब लागट नसतंय," ते म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

त्यांनी बाही वर सारली. बोटांपासून कोपरापर्यंत कातडं जाड, काळपट, जागोजाग भेगाळलेलं; बोटांवरचे मी आजवर कात्रीचे घट्टे समजत होतो. "जलमापासनं हाय. आईला लागलं न्हाय, भावाला लागलं न्हाय. सोयरीक बगायची येळ आली, तवा मातर समद्यांला लागट वाटलं." आणि बाही खाली ओढून घेतली.

"मग तुम्ही पोरांना हात का लावत नाही?"

"मला ठावं हाय लागत न्हाय. पोराच्या आईला ठावं नसतंय. तिच्या तोंडाकडं बगवत न्हाय, सायेब."

मी ज्याला माज म्हटलं होतं, ते हे होतं. मला माझीच लाज वाटली.

अकराव्या महिन्यात दिनूचं जावळ काढायचं ठरलं. मामाच्या मांडीवर बसवून काढायचं असतं, म्हणून हिचा भाऊ वसंत बारामतीहून आला. चाचाही नवं अंगडं घेऊन जेवायला आले होते. अंगणात पाट मांडला, न्हावी वस्तरा पाजळून बसला, आणि वसंत दाराशीच घुटमळला. "ताई, माझ्या घरी तीन महिन्यांची पोर आहे. उगाच कशाला? मी इथं उभा राहतो, धरायला दुसऱ्या कुणाला तरी सांग." ही पोराला छातीशी धरून नुसती उभी राहिली. सख्ख्या भावानं असं करावं? माझ्या डोक्यात तिडीक गेली.

बोलली ती आई. "राहू दे त्याला उभा. दस्तगीर, तू बस पाटावर."

चाचा दोन पावलं मागं सरकले. "आजी, मी? माझं हात बगा की."

"बघितलेत. ह्या पोरासाठी त्या हातांनी जेवढं केलं तेवढं कुणी केलंय? बस."

चाचा बसले. हिनं दिनूला त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी दोन्ही हात हवेतच धरले होते. "धरा की चाचा, पडेल तो," ही म्हणाली, तेव्हा ते हात हळूहळू खाली आले. दिनूनं त्यांच्या दाढीत बोटं घातली आणि ओढायला सुरुवात केली. न्हाव्यानं सगळं जावळ उतरवलं, डोकं पुसलं, वस्तरा मिटला. "झालं चाचा, द्या आता पोराला," म्हणाला. चाचा हलले नाहीत. खाली मान घालून पोराच्या मानेवरचे केस टिपत राहिले. तिथं एकही केस उरला नव्हता.

मग त्यांनी वर बघितलं. "भैनी," ते म्हणाले, "पोरगं येवढं जड आसतंय व्हय?"

साठीला टेकलेला माणूस विचारत होता. ही पदर तोंडाशी धरून आत गेली. मी न्हाव्याचे पैसे शोधायचं निमित्त करून खिसे चाचपत बसलो.

"बस घटकाभर तसाच," आई म्हणाली. "पानं वाढायला अजून वेळ आहे."