पासिंजर रस्त्यात बसला

आमच्या गल्लीतला देवराव कुत्र्याशी तोंडानं बोलत नाही, घंटीनं बोलतो. हातातल्या काठीला त्यानं सायकलची घंटी बसवून घेतली आहे. एकदा वाजली की कुत्रं थांबते, दोनदा वाजली की चालते. जन्मभर एसटीत कंडक्टर होता, त्याला दुसरी रीत माहीत नाही. कुत्र्याचं नाव पासिंजर.

मी चौथी पास. पण माणूस ओळखायला मला कोणाची शिकवणी लागली नाही. देवराव मात्र अजून पुरा ओळखता आला नाही, हे कबूल करतो. आणि मी सहसा काही कबूल करत नाही.

"तोंडानं काहून बोलत नाही बे त्याच्याशी?" मी एकदा विचारलं.

"त्याच्या मनाले लागते."

खरंच लागते. एकदा मी त्याला नुसतं 'हाड' म्हटलं, तर दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसलं, भाकरीला शिवलं नाही. संध्याकाळी देवराव माझ्या दारात हजर. "चाल, समजूत काढ त्याची." मी उभ्या जन्मात कोणाची माफी मागितली नाही, बायकोचीसुद्धा नाही. त्या दिवशी अर्धा तास कुत्र्यापुढं उकिडवा बसलो, तेव्हा कुठं ते जेवलं.

रोज सकाळी आम्ही तिघं राळेगावच्या स्टँडावर चहाला जायचो. निघताना देवराव म्हणायचा, "चला, पुढं सरका, मधात उभे राहू नका." घंटी दोनदा, की निघाली गाडी. आठ वर्षांत पासिंजरनं एकदाही घंटी मोडली नाही.

मागच्या पोळ्यानंतर बिनसलं. अंगणवाडीच्या चढावर पासिंजर रस्त्यात मधोमध बसला. घंटी दोनदा. नाही. चारदा. नाही. देवरावच्या पायाला पाठ लावून असा बसला की त्यालाही हलता येईना. थोड्या वेळानं आपल्या मनानं उठला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. मग एका चढावर दोनदा बसू लागला.

गल्लीला विषय मिळाला. शेजारची शेवंताबाई म्हणाली, नजर लागली. कोणी म्हणे, पायात काटा गेला. जनावरांच्या डॉक्टरनं दात, कान, पंजे सगळं पाहिलं, काही सापडलं नाही. स्टँडावर लोक विचारायचे, "कंडक्टर, आज गाडी कुठं बंद पडली?" देवरावला ते झोंबायचं. आठव्या दिवशी त्यानं पासिंजरला अंगणात बांधलं.

"सस्पेंड केलं त्याले," मला म्हणाला. "चौकशी होईस्तोवर घरी."

मग आम्ही दोघंच निघालो. त्या चढावर देवराव अंगणवाडीच्या भिंतीला हात लावून थांबला आणि भिंतीवरची पोलिओच्या डोसाची जाहिरात वाचू लागला. पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच जाहिरात.

"तुह्या घरी लेकरू ना बाळ," मी म्हटलं. "पोलिओचं काय वाचून राह्यला?"

त्याला बोलायला दमच नव्हता. कपाळ घामानं भिजलेलं, ओठ काळेनिळे.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वाटलं, आत्ताच पळत जावं आणि गल्लीभर सांगावं. कुत्रं बिघडलंच नव्हतं. जिथं देवरावचा दम तुटायचा तिथंच ते बसायचं. डॉक्टरला, शेवंताबाईला, मलाही जे दिसलं नाही, ते त्या मुक्या जिवाला पोळ्यापासून दिसत होतं.

"देवराव, दवाखान्यात चाल."

"कायले? चढ हाय, दम लागतेच."

"पोळ्याच्या आधी नव्हता लागत."

"तू डॉक्टर झाला का बे, चौथी नापास?"

"पास," मी म्हटलं आणि रस्त्यात मधोमध बसलो.

"उठ. लोक पाहून राह्यले."

"पाहू दे."

"मागून ट्रॅक्टर येऊन राह्यला."

"येऊ दे."

ट्रॅक्टर आला, त्याच्यामागं दोन मोटरसायकली आल्या, सगळे भोंगे वाजवत राहिले. मी हललो नाही. हट्टात मला हरवणारा अजून जिल्ह्यात जन्मला नाही. शेवटी देवराव म्हणाला, "येतो. पण पहिले त्याले सोडू दे."

घरी येऊन त्यानं काठी भिंतीला टेकवली, पासिंजरची दोरी सोडली आणि खाली वाकून त्याच्या कानाशी काही बोलला. तोंडानं. काय बोलला ते मी विचारलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली. म्हणाली, हृदयाचं दुखणं आहे, आजच यवतमाळला न्या. नर्सनं कागद पुढं केला. "बाबा, घरचं कोण आहे सोबत?"

देवरावनं खाटेवरून दाराबाहेर बोट दाखवलं. पायरीवर पासिंजर बसला होता.

मला रागच आला. मी उशाशी उभा, आणि हा कुत्र्याकडं बोट दाखवतो. पण नर्स म्हणाली, "सही करणारं माणूस पाहिजे, बाबा." तशी देवरावची मान खाली गेली. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, लेकरू नाही, हे मला ठाऊक होतं. पण 'कोणी नाही' हे शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. ते आता निघणार होते.

मी तिच्या हातातून पेन घेतला. सही मला येते, वेळ लागतो.

"नातं काय लिहू?" नर्सनं विचारलं.

"लिहा," मी म्हटलं, "मोठा भाऊ."

देवराव माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे. एरवी त्यानं असं काही चालू दिलं नसतं. त्या दिवशी चालू दिलं.