ट्रक गेला असेल

जमिनीच्या पोटात काय चाललंय हे कळणं अवघड असतं. कळल्यावर ते वरिष्ठांना कळवणं त्याहून अवघड. जिवंत ज्वालामुखीच्या पायथ्याशी असलेल्या कंपन-नोंद केंद्राने या दोन्ही अडचणींवर सोपा तोडगा काढला होता. यंत्राची सुई हलली की कारण लिहायचं, आणि मंजूर कारणं तीन: ट्रक, गुरं आणि साहेबांचं जिना चढणं. (साहेब अंगाने भरलेले होते. त्यांचा आलेख लगेच ओळखू येई, आणि तो दिसताच सगळे कामाला लागत.) खुद्द ज्वालामुखीचं नाव लिहायला मनाई नव्हती. फक्त पुरावा म्हणून सोबत राख जोडावी लागे.

गेल्या वर्षीच्या अहवालात ऐंशी टक्के कंपनं ट्रकची होती, पंचवीस टक्के गुरांची, उरलेली साहेबांची. (बेरीज शंभरापुढे गेली, हे केंद्राच्या कार्यक्षमतेचं लक्षण मानलं गेलं.)

हल्ली मात्र सुईला उसंत नव्हती. बारीक, सलग थरथर; खालून काहीतरी वर सरकत असल्यासारखी. यंत्रावरच्या कारकुनाचं घर डोंगराच्या उतारावर, घरात बायको आणि अंथरुणाला खिळलेली आई. तो साहेबांकडे गेला.

"साहेब, हा ट्रक वाटत नाही."

"मोठा असेल."

"पण पूल खचल्यापासून इकडे ट्रकना बंदी आहे."

"म्हणूनच अडकून उभा असेल. इंजिन चालू ठेवून."

कारकुनाला हे पटलं. पटवून घेणं हाही नोकरीचाच भाग असतो.

घरी आला तर बायको दोन पिशव्या भरून दारात. "अहो, सकाळपासून फडताळातले कप वाजताहेत. मी दादाला गाडी घेऊन बोलावलंय. आईंना घेऊन निघू या."

"अगं, ट्रक गेला असेल," तो सवयीने म्हणाला.

"गेला ना? ट्रकलासुद्धा कळलं, मग आपण कशाला थांबायचं?"

हे कारण मंजूर यादीत नव्हतं, तरी पटलं. त्याने आईला उचलून गाडीत बसवलं. भरलेली गाडी केंद्रावरून उताराने खाली गेली, तेव्हा सुई किंचित हलली. साहेबांनी स्वतःच्या हाताने कारण लिहिलं: गुरं.

तुम्हाला हसू आलं असेल, आणि ते योग्यच आहे. आता तुमच्या कपाटात मघापासून काहीतरी किणकिणतंय, तिकडे लक्ष देऊ नका. ट्रक गेला असेल.