शंभर टक्के अंधार

नंबरसाहेबांना सगळे नंबरसाहेबच म्हणत, कारण गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक नाकावर त्यांनीच काढलेला नंबर बसलेला होता. अठरा वर्षं त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं, दुकानामागे डोळे तपासायची काळोखी खोली होती, आणि उजेड या विषयात आपल्याला शिकवण्यासारखं कुणाकडे काही उरलेलं नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. त्यांची बायको मोठ्या इस्पितळात नर्स होती. इस्पितळात तिला सिस्टर म्हणत ते ठीकच. पण बिल्डिंगमध्येही वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे सिस्टरच म्हणत. त्यामुळे नवऱ्याची मोठी पंचाईत झाली होती. ते आपले ‘अगं’वर भागवत.

तर या सिस्टरांना तीन महिन्यांची नाइट ड्यूटी लागली. सकाळी साडेआठला घरी यायचं, आंघोळ करायची, दोन घास खायचे आणि झोपायचं. बेडरूम पूर्वेकडची. सूर्य उगवला की सरळ उशीवर येऊन बसायचा आणि दुपारपर्यंत पाहुण्यासारखा हलायचं नाव घ्यायचा नाही. पाचव्या दिवशी सकाळी नंबरसाहेबांनी चहा मागितला, तर सिस्टरांनी त्यांच्या तोंडात थर्मामीटर ठेवला. (ताप नव्हता. हे त्यांनी पूर्ण एक मिनिट जिभेखाली धरून मग स्वतःच वाचलं.)

नंबरसाहेब हसले. सिस्टर हसल्या नाहीत. त्या खुर्चीत बसल्या आणि टेबलावर ठेवलेल्या आपल्या हातांकडे बघत राहिल्या.

“आज पहाटे मी चुकीचा केसपेपर घेऊन एका बेडपाशी उभी होते,” त्या म्हणाल्या. “इंजेक्शन भरलेलं. सवयीनं नाव विचारलं म्हणून वाचले. अहो, माझे हात अजून कापताहेत. झोप झाली नाही तर माझ्या हातून एक दिवस काहीतरी होऊन बसेल. सकाळी जरा डोळा लागतो न लागतो तोच—”

“उजेड!” नंबरसाहेब ताडकन उभे राहिले. “बोलूच नकोस. मला सगळं कळलं.”

“अहो, तसं नाही, मी म्हणत होते—”

“उजेडाचं माझ्यावर सोड.”

ते खरोखर हेलावले होते. ते हात त्यांनी वीस वर्षं पाहिले होते. रडत्या माणसाच्या पायातली काच काढताना ते कापले नव्हते, आणि आज ते नुसते टेबलावर ठेवले असताना कापत होते. अशा वेळी दुसऱ्या नवऱ्यानं बायकोचं वाक्य निदान पुरं होऊ दिलं असतं. नंबरसाहेब पडद्यांच्या दुकानात गेले.

दुकानात काउंटरमागे एक गोऱ्या, गुबगुबीत, फार प्रेमळ बाई होत्या.

“ब्लॅकआउट पडदे दाखवा,” नंबरसाहेब म्हणाले. “बेडरूमसाठी. रात्रभर जागं असतं आणि दिवसा झोपायचं असतं.”

“हो हो, होतं असं सुरुवातीला,” बाई समजुतीनं म्हणाल्या. “सगळ्यांकडे होतं. किती दिवस झाले?”

“आज पाचवा.”

“पाचवाच? अगंबाई, अभिनंदन! रडारड खूप असेल.”

“आज पहिल्यांदाच. एरवी धीराची आहे.”

“म्हणजे मुलगी का? छान! वजन किती?”

नंबरसाहेबांना प्रश्न जरा खासगी वाटला. “विचारायची सोय नाही हो,” ते आवाज खाली आणून म्हणाले. “एक्केचाळीस वर्षांची आहे. बायको आहे माझी.”

बाईंनी घाईघाईनं कपाटातून कापडाच्या गुंडाळ्या काढायला घेतल्या. त्यांनी सत्तर टक्के अंधाराचं कापड दाखवलं, ऐंशी टक्क्यांचं दाखवलं. नंबरसाहेबांनी खिशातून डोळे तपासायचा टॉर्च काढला आणि प्रत्येक कापडामागे लावून एक डोळा मिटून पाहिलं. बहुतेक लोक ऐंशीच नेतात, थोडा उजेड असलेला बरा, असं बाई म्हणाल्या. नंबरसाहेबांनी शंभर टक्के मागितलं. तीन पदरी कापड आलं. एवढं जड, की दोघांनी मिळून ते काउंटरवर चढवलं.

“रंग कोणता देऊ?”

“अंधाराला रंग कशाला लागतो?”

“बरं. पण खिडकीच्या मापापेक्षा दोन्ही बाजूंनी वीतभर जास्त घ्या हं.”

नंबरसाहेब मंद हसले. “बाई, मी दोन बुबुळांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजतो. मला वीतभर काय सांगता?”

पडदे शिवून आले ते मिलिमीटरला मिलिमीटर काचेएवढे. लावले, ओढले, आणि खोलीत चारी बाजूंनी उजेडाची अशी लखलखीत चौकट उमटली की मधल्या काळ्या भागात आता कुणाची तरी तसबीरच लावायची बाकी होती. सिस्टर अंथरुणावर बसून त्या चौकटीकडे बघत राहिल्या.

“आधी निदान सगळीकडून सारखा यायचा,” त्या म्हणाल्या.

नंबरसाहेब डगमगले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दुकानात गेले. (बाईंनी फक्त हाताची वीत पसरून दाखवली.) नव्या पडद्यांच्या वजनाला जुना रॉड पुरेना, म्हणून सुतार बोलावला. सुतार मोजकं बोलणारा होता.

“भोक कुठं पाडू?”

“थोडं वर.”

“वर बीम आहे.”

“मग थोडं डावीकडे.”

“डावीकडे वायर आहे.”

“तुमचं मत काय?”

“माझं मत, बाईसाहेबांना डोळ्यांवरची पट्टी घेऊन द्या. विमानात देतात तसली.”

नंबरसाहेबांनी सुताराकडे डोळ्यांच्या तज्ज्ञाच्या नजरेनं पाहिलं. भोक उजवीकडे पडलं. रॉड बसला, पडदे भिंतभर पसरले, त्यांच्या कडा चिकटपट्टीनं भिंतीला डकवल्या गेल्या. दाराखालच्या फटीत फोमची पट्टी आली. चार्जरवर मुगाएवढा लाल दिवा होता, त्यावर काळी टेप आली. घड्याळाचे काटे हिरवे चमकत, म्हणून घड्याळ ड्रॉवरमध्ये गेलं. मग नंबरसाहेबांनी दार लावून घेतलं आणि सिस्टरांसमोर हात धरला.

“हात दिसतोय?”

“नाही.”

“आता?”

“आता नाकाला लागला.”

“बघ!” नंबरसाहेब आनंदानं म्हणाले आणि बाहेर जाताना पलंगाच्या पायाला ठेचकाळले.

पाऊण तासानं सिस्टर बाहेर आल्या. केस नीट बांधलेले, चेहरा टवटवीत, डोळे टक्क उघडे.

“झोपलीस?”

“छे! एकदम ताजंतवानं वाटतंय. झोपेचा मागमूस नाही.”

सवय व्हायला वेळ लागतो, असं नंबरसाहेबांनी जाहीर केलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. सिस्टर आत जाताना पेंगत असत, आणि पडदे लागले की पंधरा मिनिटांत खडखडीत जाग्या होत. हात मात्र कापतच होते. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला, अंधारात नेमकी कुठं गळती आहे हे आत शिरून तपासायचं नंबरसाहेबांनी ठरवलं. त्यांनी दार उघडलं, पटकन आत सरकले आणि दार लावून घेतलं.

काही दिसेना. (हे त्यांचंच कर्तृत्व होतं, तरी त्या क्षणी त्यांना त्याचा पुरता अभिमान वाटला नाही.) मग रबरी सपातांचा हलका आवाज ऐकू आला. पलंगाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे. आवाज थांबला. उशी थोपटल्यासारखं वाटलं. पुन्हा सपाता, आता जवळ. आणि अचानक एका हातानं त्यांचं मनगट पकडलं.

“नाडी जलद आहे,” अंधार म्हणाला.

“अगं, मी आहे, मी!”

“सगळे असंच म्हणतात. उठून का आलात? चला, पडून राहा बघू.”

तो आवाज घरातला नव्हता, वॉर्डातला होता. अर्धवट झोपेतला, पण पक्का. त्या आवाजापुढे भलेभले अधिकारी मुकाट्यानं कुशीवर वळतात. नंबरसाहेब तर घरचेच. दोन हातांनी त्यांना खांदे धरून आडवं केलं, पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं, कडा गादीखाली खोचल्या.

“काही लागलं तर बेल वाजवा,” आवाज म्हणाला, आणि सपाता दाराबाहेर गेल्या.

नंबरसाहेबांनी थोडा वेळ बेल शोधली. मग विचार केला, दोन मिनिटं असंच पडून अंधाराचा दर्जा अनुभवावा. दर्जा उत्तम होता.

त्यांना जाग आली तेव्हा काळंकुट्ट होतं. रात्र झाली, बायको ड्यूटीवर गेली, आपण दिवसभर दुकान उघडलं नाही, या सगळ्याचा त्यांना एकदम साक्षात्कार झाला. ते धडपडत उठले, भिंत चाचपत गेले, दाराची मूठ सापडली, दार उघडून जोरात पाऊल टाकलं आणि एका माणसाला धडकले. माणूस मऊ होता. त्याचा रिकामा हात त्यांच्या हातात आला. “कोण आहे?” नंबरसाहेब ओरडले. उत्तर आलं नाही, कारण तो त्यांचा स्वतःचाच लग्नातला कोट होता आणि ते कपाटात उभे होते. खरं दार सापडायला आणखी पाच मिनिटं लागली.

बाहेर लख्ख ऊन होतं. पावणेचार वाजले होते. सायलेंटवर राहिलेल्या फोनवर दुकानाच्या गिऱ्हाइकांचे चौदा मिस्ड कॉल होते. आणि बैठकीच्या खोलीत, सताड उघड्या खिडकीसमोर, सोफ्यावर, तोंडावर भरपूर उजेड घेऊन सिस्टर गाढ झोपल्या होत्या. एक हात खाली लोंबत होता. बोटं अगदी स्थिर होती.

नंबरसाहेबांनी फोन खाली ठेवला. ते चवड्यांवर चालत गेले, वाकले, आणि अतिशय हळुवारपणे त्यांच्या कानाशी म्हणाले, “झोपलीस का गं?”

सिस्टरांनी डोळे उघडले.

“झोपले होते,” त्या म्हणाल्या. मग उठून बसल्या आणि घड्याळाकडे पाहिलं. “सहा तास! अहो, सहा तास झोपले मी!”

“अशा उन्हात?”

“ऊन पडलं की माझी ड्यूटी संपते. अंधार पडला की सुरू होते. वीस वर्षांची सवय आहे. त्या खोलीत पडदे लागले की मला वाटतं, आता राउंड घ्यायला हवा.”

“मग सकाळी झोप का लागत नव्हती तुला?”

“तेच त्या दिवशी सांगत होते. डोळा लागला रे लागला की तुम्ही दारात येऊन विचारता, झोपलीस का? मग अर्ध्या तासानं मोजा शोधायला येता, बोटांवर चालत, टॉर्च घेऊन. मोजा सापडला की शीळ घालता. अकरा वाजता दुकानाला जाताना पुन्हा आत येऊन सांगता, मी दार हळूच लावतो हं. आज पहिल्यांदा घरात चिडीचूप होतं.”

नंबरसाहेबांनी मागे वळून बेडरूमच्या दाराकडे पाहिलं.

“म्हणजे,” ते म्हणाले, “पडद्यांचा उपयोग झाला.”

“झाला की. तुम्ही त्यांच्यामागे होतात.”

दुसऱ्या दिवसापासून नंबरसाहेब सकाळी आठलाच घराबाहेर पडू लागले. अकरापर्यंत गल्लीत कुणाला चष्मा लागत नाही. ते दुकान उघडून बसत, काचा पुसत, त्याच काचा पुन्हा पुसत. घरी सिस्टर पूर्वेच्या बेडरूममध्ये पडदे सताड उघडे टाकून उन्हात झोपत. आठवड्याभरात हात कापायचे थांबले. पंधराव्या दिवशी एका नव्या डॉक्टरनं घाईत लिहिलेला डोस चुकलाय, हे त्यांनी नुसत्या नजरेनं ओळखलं आणि एका म्हाताऱ्या पेशंटवरचं संकट टळलं. इस्पितळात त्यांचं कौतुक झालं. घरी येऊन त्यांनी ते सांगितलं तेव्हा नंबरसाहेबांनी पहिल्यांदाच त्यांचं वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

दुकानात मात्र येईल त्याला ते सांगत होते, “झोपेचा प्रश्न होता आमच्याकडे. मी सोडवला. शेवटी आपला विषय आहे.”

त्यामुळे एका सकाळी इस्पितळाच्या मेट्रनबाई स्वतः दुकानात आल्या, तेव्हा नंबरसाहेबांना मुळीच नवल वाटलं नाही. त्यांनी खुर्ची पुढे केली.

“तुमच्या सिस्टरांची झोप तुम्ही सुधारलीत म्हणे,” मेट्रनबाई म्हणाल्या. “आमच्या नाइटच्या बाकीच्या मुलींचीही तीच तक्रार आहे. त्या म्हणाल्या, यजमानांनाच भेटा. म्हणून विनंती करायला आले.”

“त्यात विनंती कसली?” नंबरसाहेब सावरून बसले आणि त्यांनी कागद-पेन्सिल पुढे ओढली. “तीन पदरी कापड घ्यायचं. माप मात्र वीतभर जास्त—”

“कापड नको हो,” मेट्रनबाई म्हणाल्या. “त्यांच्या नवऱ्यांना सकाळी आठ ते अकरा इथं तुमच्याबरोबर बसवून घ्याल का? सध्या अकराजण आहेत. खुर्च्या पुरतील ना?”