मनाम्यातला मॉस्को

पेठेकाका भेटले की आधी मॉस्कोचं हवामान सांगत. ऑगस्टात बहारीनमध्ये, मनाम्याच्या गल्लीत शर्ट पाठीला चिकटलेला असायचा, आणि काका गंभीरपणे म्हणायचे, "मॉस्कोत आज भुरभुर आहे. छत्री न्यायला हवी." जानेवारीत आम्ही कौतुकानं स्वेटर घातले, की त्यांना हसू यायचं. "ही कसली थंडी? तिकडे आज उणे अठरा." कुणी विचारलेलं नसायचं.

ही ऐंशीनंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. मी एका बँकेत अकाउंटंट होतो. काका सित्र्याकडच्या एका वर्कशॉपात स्टोअर्स सांभाळत आणि सूकमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारात, एका कापडाच्या दुकानावर, आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत एकटे राहत. काकू पुण्याला. पन्नाशी उलटलेला, काटक, ताठ माणूस. तेव्हा बहारीनमध्ये रशियाची वकिलातसुद्धा नव्हती. जो काय रशिया होता तो त्या दोन खोल्यांत. आमच्या मराठी मंडळींनी त्यांचं नाव 'कॉम्रेड' पाडलं होतं आणि ते त्या नावाला खुशाल ओ देत.

शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी काका बोर्श्च करायचे. बिटाचं ते लालभडक सूप माझ्या बायकोनं पहिल्यांदा चाखलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "काका, सार छान झालंय. फक्त फोडणी राहिली." काकांचा चेहरा पडला. फोडणी पडली की ते सूप देश बदलतं, असं त्यांनी तिला समजावलं. वरून घालायला तिकडची आंबट साय मिळायची नाही, म्हणून ते श्रीखंडाला टांगतात तसं दही टांगायचे. काळ्या चहात तिथले लोक मुरंबा घालतात, हे कळल्यावर त्यांनी सासुरवाडीहून आलेला मोरावळा घातला. आम्हालाही पाजला. नंतर त्यांच्याकडे चहाला जाण्याआधी आम्ही घरून चहा पिऊन निघू लागलो.

भिंतीला लागून मोठा रेडिओ. त्यावर मॉस्कोचं स्टेशन खरखरत चालू असे आणि काका कानाला हात लावून, ओठ हलवत ऐकत. एकदा सकाळी बातम्यांऐवजी नुसतीच उदास व्हायोलिनं वाजायला लागली. काकांनी आमचं दार ठोठावलं. "तिकडचं कुणीतरी मोठं गेलं," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. पुढं तिथले नेते एकामागून एक जाऊ लागले तेव्हा आमच्या बँकेचा मॅनेजरही मला विचारायचा, "तुमच्या कॉम्रेडच्या रेडिओवर आज काय वाजतंय?"

गणपतीच्या कार्यक्रमात त्यांनी एक रशियन गाणं म्हटलं. डोळे मिटून, हात छातीशी. कुणाला अक्षर कळलं नाही. फक्त बापू परब, वेंगुर्ल्याचा, हॉस्पिटलच्या स्टाफची बस चालवायचा, तो म्हणाला, "काका, ह्यां तर आमच्या भजनासारख्यां वाटता." काका त्या शेऱ्यावर महिनाभर खूश होते.

या परबनंच एका दुपारी त्यांना वर्कशॉपातून उचललं आणि वाटेत मलाही गाडीत घेतलं. भर समुद्रातल्या एका रशियन मालवाहू बोटीवरच्या पोराला लाँचमधून किनाऱ्यावर आणलं होतं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात, आणि पोरगा डॉक्टरांना हात लावू देत नव्हता. त्याला रशियनखेरीज काही येत नव्हतं आणि हॉस्पिटलात कुणाला रशियन येत नव्हतं. परब छाती पुढं काढून सांगून आला होता, "आमच्याकडे एक आसा."

पोरगा विशी-बाविशीचा. खाटेची दांडी धरून बसला होता, ओठ पांढरे. काका त्याच्यासमोर उभे राहिले, टाय सारखा केला, घसा खाकरला आणि काहीतरी लांबलचक बोलले. पोरगा बघतच राहिला. मग पोट धरून हसायला लागला. हसता हसता रडला. काका त्याच्या शेजारी बसले, हात हातात घेतला. थोड्या वेळानं त्यानं मान हलवली. बहारीनी डॉक्टर म्हणाला, "यल्ला," म्हणजे चला. ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत तो हात काकांनी सोडला नाही.

तो का हसला, ते त्यांनी नंतर सांगितलं. ते म्हणाले होते, "आदरणीय नागरिक, आपल्या पोटातील परिस्थिती चिंताजनक आहे." तो म्हणाला, आजोबा, तुम्ही रेडिओसारखं बोलता.

त्या आठवड्यात आम्हा मराठी माणसांची मान ताठ झाली होती. हमद टाउनपासून मआमीरपर्यंत परबनं प्रत्येकाला ही हकिकत ऐकवली. मी बँकेत ऐकवली. 'आमचे पेठेकाका' म्हणताना कॉम्रेड हा शब्द आपोआप गळून पडला. काका मात्र रोज संध्याकाळी सुपाचा डबा घेऊन त्या पोराकडे जात आणि तासन्‌तास बसत.

तो बरा होऊन बोटीवर परत गेला, त्या दिवशी आम्ही बंदरावरून चालत येत होतो. मी सहज विचारलं, रशियात किती वर्षं काढलीत?

"एक दिवस नाही," काका म्हणाले.

मग चालता चालता सांगू लागले. मुलगी डॉक्टरकी शिकायला मॉस्कोला गेली, तिथल्याच एका मुलाशी लग्न करून राहिली. काकांनीच रागाच्या भरात तिला सांगितलं होतं, आता इकडे येऊ नकोस. घरात काकू अजून तिचं नाव काढू देत नाहीत. पण नात झाली, आणि काकांनी बहारीनमधून फोन लावला. आता ती चार वर्षांची आहे. तिला फक्त रशियन येतं. म्हणून काका पुस्तकं आणून, रेडिओ ऐकून पन्नाशीनंतर शिकायला बसले होते.

"फोनवर तिनं हाक मारली की मी गप्पच व्हायचो," ते म्हणाले. "मला 'शिष्टमंडळाचं स्वागत झालं' म्हणता येतं. 'पडलीस का, कुठं लागलं' हे येत नव्हतं. रेडिओवर लहान मुलांशी कुणी बोलत नाही. ते या पोरानं शिकवलं."

पुढच्या शुक्रवारी मी त्यांच्याबरोबर टेलिफोन ऑफिसात गेलो. ते काचेच्या खोलीत होते, मी बाहेर बाकावर. आवाज ऐकू येत नव्हता. ताठ उभे राहणारे काका फोन धरून हळूहळू वाकले, गुडघ्यांवर आले, चार वर्षांच्या मुलीच्या उंचीला.