चाचांना जमत नाही

मी आज जो काही आहे तो मजीदचाचांमुळे आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी त्यांची थट्टा करतोय.

मजीदचाचा ऑफिसचा मोबाइल हातरुमालात धरून उचलायचे, चुलीवरून तापलेलं पातेलं उतरवावं तसा. उचलून तो कानापासून वीतभर लांब धरायचे, "कोण?" असं एकदा विचारायचे आणि पलीकडून उत्तर यायच्या आत माझ्या हातात द्यायचे. "घे बेटा. हे काय आपल्याला जमायचं नाय."

आमचं ऑफिस पनवेलच्या जुन्या बाजारामागे. विटा, रेती आणि सिमेंट इमारतींच्या कामांवर पोचवायचा धंदा. मोठ्या शेठनी धंदा सुरू केला तेव्हापासून चाचा तिथे. कुठली गाडी कुठे जाणार हे ते ठरवत आणि रोज सकाळी एका फळ्यावर काढून ठेवत. काढून म्हणजे खरोखरच काढून, कारण त्या फळ्यावर अक्षर एकही नसे. आमच्या जुन्या ड्रायव्हरांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येकाचं एक चित्र होतं आणि प्रत्येक ठिकाणाचंही एक. छत्रीपुढे पाण्याची टाकी काढली की छत्रीवाल्याने रोडपालीला जायचं. त्यापुढे जितक्या रेघा तितक्या फेऱ्या.

चाचांची चित्रकला मात्र यथातथाच होती. एका ड्रायव्हरने हौसेने कोंबडा मागून घेतला होता. चाचांचा कोंबडा किटलीसारखा दिसायचा आणि त्या बिचाऱ्याला सगळे किटलीवाला म्हणू लागले. पदूदादा या ड्रायव्हरची चिंबोरी होती, म्हणजे खेकडा. त्यांच्या गावची शेतं आणि खाडीकाठचं खाजण नव्या शहरासाठी गेलं, तेव्हापासून ते ट्रकवर. रोज सकाळी ते फळ्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभे राहायचे.

"चाचा, आज चिंबोरीला सहाच पाय? धंदा मंदा हाय काय?"

"खडू संपला रे. चालायला सहा पुरतात."

मी मिठागरात राबणाऱ्या घरातला. कॉलेजात गेलेला आमच्या घरातला पहिलाच. कॉलेज सांभाळून काम शोधत या ऑफिसात आलो तेव्हा शेठना माणूस नको होता. चाचा मध्येच म्हणाले की इंग्रजी कागद आता आपल्याला जमत नाहीत, एक शिकलेला मुलगा लागेल. मला ठेवून घेतलं. परीक्षेच्या दिवसांत मी कामाच्या जागेवर गेलोय असं ते शेठना सांगत आणि माझं काम स्वतः उरकत. मी बी.कॉम. झालो तेव्हा आईने त्यांच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट पाठवली होती.

पुढे धाकटे शेठ कारभार पाहू लागले आणि त्यांनी अॅप आणलं. ड्रायव्हरच्या मोबाइलवर फेरी येणार, त्याने हिरवं बटण दाबून ती घ्यायची. शिकवायला एक तरुण आला होता. चाचांनी त्याला घाम फोडला. हिरवं बटण दाबा म्हटलं की ते कोपराने दाबत. फोन बंद पडे किंवा त्यांच्याच हनुवटीचे फोटो निघत. शेवटी तो पोरगा हात जोडून म्हणाला की अंकलना राहू द्या. मोठे शेठ अजून ऑफिसात येत होते. जुना माणूस म्हणून त्यांनी तोडगा काढला: अॅपही चालू, फळाही चालू.

झालं, सगळं काम दोनदा होऊ लागलं. संगणकावर मी आणि फळ्यावर चाचा. एक दिवस रोडपालीच्या एका बंगल्यापुढे रेतीच्या दोन गाड्या रिकाम्या झाल्या, एक अॅपची आणि एक फळ्याची. घरमालकाची मोटार आत, रेतीचा ढीग फाटकात. त्यांनी फोनवर जे ऐकवलं ते चाचांनी रुमालात धरून ऐकलं आणि फोन माझ्याकडे दिला. ते गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

त्या सुमारास चाचा दोन दिवस आले नाहीत, म्हणून मी त्यांच्या मोहल्ल्यात गेलो. चाची जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोन्ही मुलं आखातात. दार उघडंच होतं. चाचा खाटेवर बसले होते, समोर पेल्याला टेकवून मोबाइल ठेवलेला. पडद्यावर त्यांची नात होती आणि चाचा तिच्याशी सरळ, स्वच्छ इंग्रजीत बोलत होते. बोलता बोलता अंगठ्याने तिला कसलासा फोटो पाठवला. "बाय" म्हणून ती गेली. चाचा त्या काळ्या पडद्याकडे पाहत बसले. मग मी दिसलो. ते अजिबात ओशाळले नाहीत.

"इथे जमतं," ते म्हणाले. "तिथे जमत नाय."

मी का म्हणून विचारलं.

"मला जमलं की फळा उतरवतील. आज तो माझ्या नावावर चालू आहे. उतरला तर पदू काय वाचणार?"

इंग्रजी कागदांचं काय, हे मी विचारलं नाही. त्याचं उत्तर खुर्चीवर बसलेलं होतं, त्यांच्यासमोर.

मोठ्या शेठनी ऑफिसात येणं बंद केल्यावर धाकट्या शेठनी चाचांना सांगितलं, ईदपर्यंत अॅप शिका, नाहीतर घरी आराम करा. मी चाचांच्या विनवण्या केल्या. येतं म्हणून सांगा, नोकरी तरी राहील. ते ऐकेनात. "माणूस गेला तर फळा राहील, बेटा. दोघांना एकदम काढायला लाज वाटेल त्यांना."

त्यांना शाल आणि नारळ मिळाला. धाकट्या शेठनी बदलावर भाषण केलं आणि न बदलणाऱ्या माणसांचं काय होतं हे चाचांचं नाव न घेता सांगितलं. चाचा मान डोलावत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर फळ्याच्या जागी टीव्हीचा पडदा लावत होते. त्यावर आता ड्रायव्हरांच्या मोबाइलवरून सगळ्या गाड्या कुठे आहेत ते दिसतं.

किटलीवाला आणि छत्रीवाला महिन्याभरात काम सोडून गेले. पदूदादा मात्र टिकले. रोज फेऱ्या घेत आणि पुऱ्या करत. कसं जमवतात ते मला कळेना. मग धाकट्या शेठना पडद्यावर एक गंमत दिसली. उलव्याला विटा उतरल्याची सही येते आणि पदूदादांची गाडी दिवसभर मोहल्ल्यातल्या एका गल्लीत उभी. त्या गल्लीत हातगाडी वळत नाही. ती कुणाची गल्ली ते मी लगेच ओळखलं. पदूदादा सकाळी स्वतःचा मोबाइल चाचांकडे ठेवत. चाचा फेऱ्या घेऊन कागदावर चित्रं काढून देत.

धाकटे शेठ आधी खूप हसले. मग त्यांनी हुकूम काढला. आता ऑफिस मी पाहतो, त्यामुळे तो हुकूम माझ्याकडे आला. गेल्या आठवड्यात मी चाचांना हे पत्र पाठवलं:

तीर्थस्वरूप मजीदचाचांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही मला बोलू दिलं नसतंत, म्हणून लिहितो. तुमच्या गल्लीतली गाडी धाकट्या शेठनी पाहिली. जो स्वतः फोन चालवत नाही त्याचं नाव सोमवारी ड्रायव्हरांच्या यादीतून काढायचं आहे. मी त्यांच्याशी बोललो. नियम सगळ्यांना एकच, म्हणाले. त्यांचंही सगळंच खोटं नाही. रेतीच्या त्या दोन गाड्यांनंतर आपल्याकडे तरी काय उत्तर होतं?

पदूदादांना दुपारी बसवून शिकवायला घेतलं होतं. थोडा वेळ बसले. मग म्हणाले, "नाय रे पोरा, आता नाय शिरत," आणि गाडी धुवायला निघून गेले.

नाव मलाच काढायचं आहे. माझ्या जागी तुम्ही असतात तर आपल्याला येत नाही असं सांगून आणखी एक वर्ष काढलं असतंत. मला तसं सांगता येत नाही, चाचा. मला येतं हे सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही मला शिकू दिलंत.

सोमवारी सकाळी पदूदादा नेहमीसारखे फोन घेऊन तुमच्याकडे येतील. त्यांना काही सांगू नका, चहाला बसवून ठेवा. मी येतो. मीच सांगतो.

आपला,
दिनेश